डाव्या हाताचं सारवण

घर विकायचं म्हणजे पोरगी दाखवायची. आधी न्हाऊ-माखू घालायचं, डाग झाकायचे, आणि मग परक्या माणसांसमोर उभं करून त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं. मोताळ्याच्या अन्नपूर्णाबाईवर ती वेळ त्या वर्षीच्या चैत्रात आली. पोरगी तिला नव्हतीच, तेव्हा ती हौस घरावर फिटली म्हणा.

महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली होती. बुलढाण्याला जिल्हा परिषद आली आणि तिच्या कचेरीत अन्नपूर्णाबाईचा मोतीराम कारकून म्हणून चिकटला. नवरा, उकंडराव, दोन वर्षांमागं गेला. भाजीपाल्याचा मळा बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलेला. आता एकटीनं मोताळ्यात काय भिंतींशी बोलायचं? मोतीराम म्हणाला, "माय, घर काढून टाक अन् चाल माह्यासंगं." ती एका पायावर तयार झाली. पोराच्या मागं जायला कोणत्या आईला मुहूर्त लागतो?

घर साधंच होतं. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं. पुढं ओसरी, मग मधली खोली, आणि तिच्यामागं एक आंधळी खोली, खिडकी नसलेली. गिऱ्हाईकही चालून आलं. मलकापुराकडून नवीनच आलेले किराणा दुकानदार भगवानराव. त्यांना घर पसंत होतं, पण जाताना म्हणाले, "वहिनी, आखाजीच्या दिवशी आमच्या मंडळीले घेऊन येतो. तिचं हो म्हनजे माहं हो. तिची नजर लय तेज हाय बरं!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते. अन्नपूर्णाबाईनं पदर खोचला. धाब्यावर खारी माती टाकून घेतली, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, उंबरे धुतले. हात चालत होते, पण मनात दुसरंच एक काम होतं. ते तिला कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता. रुपयाहून लहान, त्यावर बाईची आकृती उठवलेली. तो तिच्या सवतीचा. आपल्याकडं रीतच आहे. पहिली बायको जाऊन नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा. मेलेल्या बाईचा असा मान ठेवला म्हणजे ती जितीच्या संसारात हात घालत नाही.

सवतीचं नाव सत्यभामा. अन्नपूर्णाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. त्या आंधळ्या खोलीत मोतीरामला जन्म देऊन, पाचवी पुजायच्या आधीच ती गेली. अन्नपूर्णा सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हा पोरगं आठ महिन्यांचं होतं. तिनं त्याला उचललं ते उचललंच. पुढं तिची स्वतःची कूस उजवली नाही, आणि तिनं देवाला त्याचा जाबही विचारला नाही. मोतीराम होता ना!

मोतीरामला मात्र तिनं कधी सांगितलं नाही. टाक कुणाचा असं त्यानं लहानपणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवीचा." गाव म्हणजे चाळण, पाणी कधी टिकत नाही त्यात. पण तिला वाटायचं, एवढं एक पाणी टिकलं. आता बुलढाण्याला नवी माणसं, नवे शेजार. उद्या सून येईल, ती शिकलेली असेल, टाक बघून विचारील. तिथं तरी पोराची आई आपण एकटीच असावं, एवढंच तिला हवं होतं. बावीस वर्षं दुसऱ्या बाईच्या नावानं घास काढून तिचा जीव थकला होता.

टाक ज्या मातीत पुरावा, सवत त्याच मातीची होऊन राहते, असं तिनं माहेरी ऐकलं होतं. एका दुपारी, ऊन रणरणत असताना आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नसताना, तिनं गळ्यातला दोरा कापला. आंधळ्या खोलीच्या कोपऱ्यात वीतभर खड्डा केला आणि टाक त्यात ठेवला.

"तू इथीच राह्य, बाई," ती हळूच म्हणाली. "घर तुहं. पोरगं माहं."

माती लोटली, चोपली, वरून खोली सारवून काढली. हात धुतले आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. विहीर काही लांब नव्हती. परत येऊन घागर खाली ठेवली आणि सहज आंधळ्या खोलीत डोकावली.

सारवण कधी निरखून पाहिलंय का? उकिडवं बसून, मागं मागं सरकत बाई शेणाचा हात फिरवते. प्रत्येक फेऱ्याची एक कमान उमटते आणि कमानीला कमान लागत जाते. प्रत्येकीचं वळण वेगळं, अक्षरासारखं. अन्नपूर्णाबाईची कमान उजवीकडून उचलायची आणि डावीकडं उतरायची, थोडी घाईची, कडेला जाड. आता जमिनीवर तिच्या कमानी नव्हत्या. होत्या त्या उलट्या, डावीकडून उचललेल्या, बारीक, एकसारख्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत कुठंही न तुटलेल्या. आणि ओल्या.

तिनं डोळ्यांवरून पदर फिरवला. मग स्वतःलाच म्हणाली, "उन्हानं डोळे फिरले तुहे." आणि पुन्हा शेण कालवून तिनं सगळी खोली आपल्या हातानं सारवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी तिनं घागरीला हातच लावला नाही. आंधळ्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट टाकला आणि बसली. खोलीतली जमीन तिनं सकाळीच सारवली होती आणि ती खडखडीत वाळली होती. बाहेर धाब्यावर चिमण्यासुद्धा गप्प होत्या. शेजारच्या गोठ्यातली म्हैस एकदा हंबरली आणि थांबली.

आधी वास आला. ओल्या शेणाचा. त्याच्यामागून दुसरा, ओव्याच्या धुरीचा, बाळंतिणीच्या शेगडीजवळ येतो तसा. या घरात बावीस वर्षांत धुरी पेटली नव्हती. मग आवाज आला. सर्र... सर्र... तळहात ओल्या मातीवरून फिरतो तो आवाज. त्यात बांगड्यांची किणकिण, अगदी हलकी, डाव्या अंगाला.

पलीकडच्या भिंतीशी जमीन काळसर झाली. एक कमान उमटली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी... कुणी दिसत नव्हतं. नुसती ओल पुढं सरकत होती, कमानीमागून कमान, बाई मागं मागं सरकत यावी तशी, उंबऱ्याच्या दिशेनं.

अन्नपूर्णाबाईला पळायचं होतं, पण पाय निघेनात. खरं सांगायचं तर डोळे निघेनात. जन्मभर तिनं सारवणं केली, दुसऱ्यांची पाहिली. असा हात तिनं पाहिला नव्हता. कुठं थेंब नाही, कुठं गाठ नाही. कोपऱ्यात, जिथं टाक पुरला होता, तिथं तो हात थोडा थांबला. मग त्या जागेला वळसा घालून पुढं आला. तेवढी टीचभर जागा कोरडी राहिली.

शेवटची कमान तिच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली. ओल अंगठ्याला लागली, गार. ती हात जोडून बसली होती, आणि हात कधी जोडले हे तिला कळलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारची आशाबाई विरजण मागायला आली. सत्तरीची बाई, मोतीरामच्या वेळी सुईणीच्या हाताखाली हीच होती. पुढं अन्नपूर्णाबाई मळ्यात जायची तेव्हा पोराकडं लक्षही हीच ठेवायची. तिची नजर उघड्या दारातून आत गेली आणि ती तिथंच खिळली.

"हे कोनं सारवलं व?"

"मीच, दुसरं कोन?"

"खोटं नको बोलू, अन्नपूर्णे. तुहा हात मी रोज पाहून राह्यली." आशाबाई खाली वाकली, पण जमिनीला बोट लावायचं तिला धाडस झालं नाही. "हा सत्यभामेचा हात हाय. ती डावखुरी होती. अख्ख्या पेठेत अशी सारवनारी नव्हती कोनी. तिची सासू बोंब मारे, डाव्या हातानं घर सारवू नोको म्हने. पन पाहाले मंग चार बाया जमाच्या..."

"डावखुरी होती?"

"तुले कोनी सांगतलं नाही?"

नव्हतं सांगितलं. आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं. मोतीराम डावखुरा होता. डाव्या हातानं जेवतो म्हणून तिनं त्याच्या त्या हातावर चापट्या मारल्या होत्या. मास्तरांनी शाळेत तो हात पाठीशी बांधला तेव्हा तिनं मास्तरांना काकड्या पाठवल्या होत्या. आपण इतकी वर्षं कुणाच्या हातावर मारत होतो, हे आता तिच्या ध्यानात आलं.

शनिवारी दुपारच्या एस. टी.नं मोतीराम आला. घामानं डबडबलेला, काखेत एक पुडकं. आशाबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. त्यानं पुडकं सोडलं. आत आखाजीसाठी जांभळं लुगडं होतं.

"पोत पाह्य, माय. अन् आधी देवीले लाव."

अन्नपूर्णाबाईचा हात गळ्याकडं गेला आणि रिकामाच खाली आला.

"टाक कुठी हाय?"

"दोरा तुटला... ठेवला असंन कुठीतरी."

मोतीराम तिच्याजवळ खाली बसला. "माय," तो म्हणाला, "तो देवीचा नाही. मले माहीत हाय."

जे बावीस वर्षं पदराआड जपलं ते असं ओसरीवर, डाळीच्या सुपाशेजारी सांडलं. ती आशाबाईकडं वळली. "तू सांगतलं?"

"माह्या तोंडात किडे पडो! मी नाही व."

"मंग कोनं सांगतलं तुले, मोत्या?"

मोतीराम हसला. "कोनं काय? तूच तं सांगतलं."

"मी?"

"लहान होतो तवा. दुपारी आत निजवाची ना तू मले, गार लागते म्हनून. थोपटता थोपटता म्हने, 'बाळा, तुले दोन माया हायेत. एक दिसते, एक दिसत नाही, टाकात राह्यते. जी दिसते तिचं आयकत जाय.' रोज म्हने. इसरली काय?"

अन्नपूर्णाबाईनं त्याचा हात धरला. "मोत्या... मी दुपारची मळ्यात राहाची. दिवस कलेपर्यंत मी घरी कधी आली?"

"मंग आशाबाई असंन."

आशाबाईच्या हातातली डाळ सुपात पडली. "मी कायले निजवू, बाप्पा? मी पाहाले याची तं तू निजलेलाच राहे. पांघरूनसुदिक घातलेलं. मले वाटे, मायच निजवून गेली. मी कडी लावून जाची."

मोतीरामच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"मले वाटे," तो म्हणाला, "मळ्यातून दमून येते माय, उजवा हात दुखत असंन... म्हनून दुपारी डाव्या हातानं थोपटते."

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. अन्नपूर्णाबाईला रडू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. ज्या बाईला ती जन्मभर घाबरली, पोर हिसकावील म्हणून मातीत पुरून आली, त्या बाईनं रोज दुपारी पोराला मांडीशी घेऊन सांगितलं काय? जी दिसते तिचं ऐकत जा. पोर आपलं झालं ते आपल्या मायेनं झालं, अशी तिची समजूत होती. ते तिच्या पदरात कुणीतरी रोज, न चुकता, घालत होतं.

ती उठली आणि आंधळ्या खोलीत गेली. कोपऱ्यातली ती टीचभर कोरडी जागा तिनं बोटांनीच उकरली. खिडकी नसलेल्या खोलीतली ती माती हाताला गार लागत होती. टाक मात्र गार नव्हता. आत्ताच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखा ऊन होता.

मोतीरामनं दोरा ओवून दिला. तिनं लुगड्याची घडी टाकाला लावली. दोन वेळा लावली, मधल्या दिवसांची चूक म्हणून.

"चाल, बाई," ती म्हणाली. "पोराच्या घरी जाऊ."

आखाजीला सकाळी तिनं या घरातलं शेवटचं सारवण घातलं. आंधळ्या खोलीच्या भिंतीपासून सुरू केलं आणि मागं मागं सरकत मधली खोली, ओसरी, पुढचा उंबरा असं करत बाहेर आली. सारवताना मान वर करायची नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते पाळलं. कानावर दोन हातांची सर्र सर्र येत होती. एक तिची होती.

ऊन चढलं तसे भगवानराव आपल्या मंडळींना, गीताबाईंना, घेऊन आले. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, धाब्याची लाकडं मोजली, चुलीत डोकावून पाहिलं. आंधळ्या खोलीत गेल्या आणि तिथं थबकल्या.

"अगं बाई! सारवाले दोघी होत्या काय?"

खरंच, उजव्या कमानी आणि डाव्या कमानी एकमेकींत बसल्या होत्या, ओंजळीत ओंजळ बसावी तशा.

"होत्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"किती मिळून आला व हात! सख्ख्या बहिनी असन."

खोटं बोलून घर गळ्यात मारणं सोपं होतं. पण अन्नपूर्णाबाईला आता लपवायचा कंटाळा आला होता. "बाई, एक सांगून ठेवतो. या खोलीत एक बाळंतीन गेली. माही सवत. तुमाले नोको असंन घर, तं अजून काई झालं नाही."

भगवानरावांनी घसा खाकरला. गीताबाई मात्र जमिनीकडं बघत होत्या.

"कोन्या घरात कोनी गेलं नाही, बाई?" त्या शेवटी म्हणाल्या. "राहते काय इथी?"

"राहे. आता आमच्यासंगं बुलढान्याले येऊन राह्यली."

गीताबाई खळखळून हसल्या. असं हसून बोलणाऱ्या बाईचं घर घ्यायला काही हरकत नाही, असं त्यांना वाटलं असावं. सौदा झाला.

बुलढाण्याची खोली भाड्याची, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. फडकं मारलं की झालं. शेण कालवायचं कामच उरलं नाही. पहिले काही दिवस अन्नपूर्णाबाईचे हात नुसते शिवशिवायचे.

असाच श्रावणातला एक रविवार. दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मोतीराम जेवून, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन फरशीवर आडवा झाला. अन्नपूर्णाबाई शेजारी बसून उजव्या हातानं सुपातले गहू निवडत होती. खडे वेचता वेचता तिचंही डोकं जड झालं. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास येत होता, आणि बराच वेळ तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं की मोतीरामच्या पाठीवर कुणीतरी थोपटतंय. ताल तिचा नव्हता. तिचा नेहमी घाईचा. हा सावकाश होता, दोनदा हलके, एकदा जड.

तिनं पाहिलं. हात तिचाच होता. डावा. मनगटात तिनं बांगडी घातलेली नव्हती, तरी किणकिण होत होती. नखांच्या कडेला शेणाची ओली हिरवी रेघ होती.

"आली काय, माय?" मोतीराम झोपेतच पुटपुटला.

"हाव," ती म्हणाली.

तो हात तिला मागं घेता आला असता. तिनं घेतला नाही. उजव्या हातानं ती गहू निवडत राहिली.